टेबल सादळले की खेळही सादळतो

- क्रीडा प्रतिनिधी

जून उजाडला की मुंबईच्या उपनगरांत घराघरांतून ठरावीक लगबग सुरू होते. गच्चीवर ताडपत्री चढते, पापड-कुरडयांचे डबे घट्ट बंद होतात, लोकरीचे कपडे डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत जातात. दमट हवेत काय सादळते, कशाला बुरशी येते आणि कशाला कसर लागते, याचे ज्ञान मुंबईकरांना पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. मात्र अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत जिमखान्यांत आणि तासावर पैसे आकारणाऱ्या पार्लरमध्ये मांडलेल्या एका भल्यामोठ्या लोकरी वस्तूच्या बाबतीत हे ज्ञान सहसा कोणी वापरत नाही. ती वस्तू म्हणजे बिलियर्ड्स-स्नूकरच्या टेबलावरचे हिरवे कापड.

पावसाळ्याच्या महिन्यांत या टेबलांभोवती एकच तक्रार ऐकू येते. चेंडू पोहोचत नाही, कुशनवरून नको त्या कोनात परततो, सरळ निघालेला चेंडू पॉकेटच्या तोंडाशी येऊन वळतो. 'हात गेला' असा निष्कर्ष काढून खेळाडू क्यूची टिप बदलतो, कोणी नवा क्यू घेतो, कोणी उभे राहण्याची पद्धतच बदलून पाहतो. हात पूर्वीचाच असतो. बदललेले असते ते टेबल.

हा प्रश्न केवळ हौशी खेळाडूंच्या रुसव्याफुगव्याचा नाही. बिलियर्ड्सच्या नकाशावर मुंबईचे स्थान मोठे आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत नाव कमावलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ आणि १९६४ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद मिळविले. मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा तो मान मिळविला. यासिन मर्चंट १९८९ मध्ये स्नूकरचे आशियाई विजेते झाले, तर आदित्य मेहता यांनी २०१३ मध्ये कोलंबियातील काली येथे झालेल्या जागतिक क्रीडा स्पर्धेत स्नूकरचे सुवर्णपदक जिंकले. ही परंपरा प्रामुख्याने दक्षिण मुंबईतील क्लबांच्या आश्रयाने वाढली. तेथे टेबलासोबत ते सांभाळणारा अनुभवी मार्करही असे. नव्वदच्या दशकानंतर खेळ उपनगरांत पसरला, टेबले आली, वातानुकूलन यंत्रे आली. मार्कर मात्र त्या प्रमाणात आला नाही. परिणामी उपनगरातील गुणी मुलगा वर्षभर जड, सादळलेल्या टेबलावर जोर लावून खेळायला शिकतो आणि चर्चगेटच्या सीसीआयमधील विल्सन जोन्स सभागृहासारख्या ठिकाणी स्पर्धेला गेला, की तेथील वेगवान कापडावर पहिल्या दोन फ्रेम अंदाज घेण्यातच गमावतो. बाद पद्धतीच्या स्पर्धेत तेवढे पुरेसे असते.

कापडाखाली पाटीचा दगड

टेबल सांभाळायचे तर आधी ते आतून कसे असते, हे पाहायला हवे. पूर्ण आकाराच्या स्नूकर टेबलाचे खेळण्याचे क्षेत्र ३५६९ मिलिमीटर लांब आणि १७७८ मिलिमीटर रुंद असते. कापडाखाली लाकडी फळी असावी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तेथे स्लेट, म्हणजे आपल्या पूर्वीच्या शाळकरी पाटीचाच दगड, पाच तुकड्यांत मांडलेला असतो. एकेका तुकड्याचे वजन दीडशे किलोहून अधिक भरते आणि सगळे टेबल मिळून टनाच्या पलीकडे जाते. जिना अरुंद असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर टेबल चढवताना हमालांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. दगड पाण्याने फुगत नाही, वाकतही नाही. पण तो ज्या लाकडी चौकटीवर विसावलेला असतो ती चौकट फुगते, कुशनमागचे लाकूड फुगते, आणि वर ताणून बसविलेले कापड हवेतले पाणी शोषून घेते.

सांताक्रूझ वेधशाळेच्या परिसरात एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी तर तेथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली. असे दिवस अपवादात्मक खरे, पण तळघरात किंवा तळमजल्यावर टेबल मांडणाऱ्याने ते विसरू नयेत. टेबलाचे रोजचे नुकसान मात्र पुराने होत नाही, ते नुसत्या हवेने होते. दिवसभर वातानुकूलन चालू आणि रात्री शटर ओढताच बंद, या पद्धतीने कापड रोज एकदा कोरडे होते आणि रोज एकदा सादळते. ताण कमी-जास्त होऊन त्याला पोटे सुटतात. पूर्वी टेबलावरच्या छत्रीत तारेचे पिवळे दिवे असत. त्यांच्या प्रकाशाबरोबर कापडाला थोडी ऊबही मिळे. एलईडी दिव्यांनी विजेचे बिल उतरविले, त्याबरोबर ती ऊबही गेली.

सादळलेल्या कापडावर चेंडूचा वेग मंदावतो, हे कोणाच्याही लक्षात येते. त्याहून घातक बदल कुशनवर घडतो. कोरड्या कुशनवर आदळलेला चेंडू किंचित घसरून निघतो. दमट कुशनवर कापड त्याला धरून ठेवते आणि तो वेगळ्या कोनात बाहेर पडतो. एका अंशाचा फरक म्हणजे काही नाही, असे वाटेल. पण साडेतीन मीटर अंतरावर एका अंशाची चूक सहा सेंटिमीटरची होते आणि स्नूकरचा चेंडूच मुळी सव्वापाच सेंटिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे एका कुशनवर एक अंश चुकला, की ज्याला लागायचे तो चेंडू चुकण्याची वेळ येते. दोन किंवा तीन कुशन घेऊन 'स्नूकर' सोडवायचा असेल, तर प्रत्येक कुशन आपली चूक आधीच्या चुकीत मिळवत जाते.

कुशनच्या या हिशेबावरच आधारलेला एक स्वतंत्र खेळ जगात आहे. थ्री-कुशन हे त्याचे नाव. या टेबलाला पॉकेटच नसतात. पांढरा, पिवळा आणि लाल असे तीनच चेंडू. आपल्या चेंडूने उरलेल्या दोघांना स्पर्श करायचा आणि दुसऱ्याला लागण्यापूर्वी किमान तीन वेळा कुशनला लागायचे, एवढाच नियम. ज्या प्रकारांच्या कुटुंबात हा खेळ मोडतो त्याला 'कॅरम बिलियर्ड्स' म्हणतात. आपल्या चाळींतल्या कॅरमचे हे नामबंधू, पण दोहोंचा खेळ निराळा. भारतात थ्री-कुशन फारसा रुजला नाही. येथे इंग्रजांनी आणलेले बिलियर्ड्स आणि १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मलेले स्नूकर यांचेच राज्य राहिले. तरीही टेबलाची निगा कशी राखावी, हे शिकायचे तर थ्री-कुशनवाल्यांकडून. कारण त्यांच्याकडे टेबल बिघडले की खेळच संपतो.

त्यांचे टेबल आकाराने लहान, खेळण्याचे क्षेत्र २.८४ बाय १.४२ मीटर. चेंडू मात्र मोठा, ६१.५ मिलिमीटरचा आणि दोनशे ग्रॅमहून जड. कापड लव नसलेले, घट्ट विणीचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्पर्धेच्या टेबलात स्लेटखाली विजेवर चालणारे हीटर असतात. खोलीपेक्षा काही अंश अधिक तापमानावर ठेवलेल्या दगडामुळे कापडात ओल टिकतच नाही. बेल्जियम-हॉलंडच्या थंडीसाठी ही व्यवस्था आहे, असे कोणी म्हणेल. पण मुंबईइतक्याच दमट हो चि मिन्ह सिटीत या खेळाच्या विश्वचषक स्पर्धा भरतात आणि २०२३ मध्ये व्हिएतनामच्याच बाओ फुओंग विन्ह याने जागतिक विजेतेपद पटकावले. व्यावसायिक स्नूकरच्या मोठ्या स्पर्धांतही आता टेबलाखाली हीटर असतात. उपनगरातल्या पार्लरने हीटर बसवावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र त्यामागचे तत्त्व, म्हणजे कापड कोरडे ठेवण्याला चकचकीत ठेवण्यापेक्षा अधिक महत्त्व देणे, हे स्वस्तातही पाळता येते. पावसाळ्यात ओल शोषणारे यंत्र रात्री चालू ठेवणे आणि खेळ संपताच टेबलावर कोरड्या सुती कापडाचे आच्छादन घालणे, एवढ्यानेही फरक पडतो. आच्छादनासाठी प्लॅस्टिक वापरणे म्हणजे ओल आत कोंडणे होय.

मार्करचे काम

स्नूकरच्या कापडाला लव असते. मांजराच्या अंगावरून हात फिरवल्यासारखी ती एका दिशेला मऊ आणि उलट दिशेला खरखरीत लागते. 'डी' आखलेल्या बाजूकडून काळ्या चेंडूच्या बाजूकडे ती झुकलेली असते. उलट दिशेने हळू जाणारा चेंडू सरळ न राहता बाजूला भरकटतो. जाणकार खेळाडू तेवढी सूट धरूनच नेम घेतो. परंतु ही सूट टेबलभर सारखी असेल तरच तिचा उपयोग. मार्करचे सारे कौशल्य ही लव टेबलभर एकसारखी झोपवण्यात आहे.

म्हणून ब्रश फिरवायचा तो 'डी'कडून काळ्या चेंडूकडे, सलग, सरळ ओढीने. मागे-पुढे घासायचा नाही. आधी कुशनखालच्या फटीतली धूळ काढायची, मग सपाट भाग. रोज खेळ सुरू होण्यापूर्वी एकदा आणि दिवसभर वर्दळ असेल तर मधे पुन्हा. त्यानंतर फडक्यात गुंडाळलेली लाकडी ठोकळी त्याच दिशेने फिरविली, की उरलेला भुसा निघतो आणि लव बसते. पुनर्विकासाच्या कामांमुळे उपनगरांत वर्षभर सिमेंटची धूळ उडते. ती कापडाच्या विणीत बसली तर चेंडूच्या प्रत्येक फेरीबरोबर धागे कापते. ही धूळ नुसत्या ब्रशने निघत नाही. मऊ तोंडाच्या, कमी जोराच्या व्हॅक्यूम क्लीनरने ती अधूनमधून ओढून घ्यावी लागते.

मग इस्त्री. बिलियर्ड्सची इस्त्री घरच्या इस्त्रीहून बरीच जड, सपाट तळाची असते. ती ब्रशनंतरच, लवेच्या दिशेने, एकाच संथ गतीने न थांबता टेबलाच्या टोकापर्यंत न्यायची. उष्णता योग्य आहे की नाही, हे आधी जुन्या कापडाच्या तुकड्यावर पाहायचे. डाग पडला तर इस्त्री अधिक तापली आहे असे समजावे. घाणेरड्या कापडावर इस्त्री फिरविली तर घाण कायमची चिकटते. आणि वाफेची इस्त्री? जे कापड कोरडे करायचे त्यालाच वाफ देण्याचा हा प्रकार. पण घाईच्या वेळी तोही होताना दिसतो.

टेबलाची सगळ्यांत मोठी शत्रू मुंबईच्या खेळाडूच्या खिशात असते. घामाने हात चिकटू नये म्हणून लावायची टाल्कम पावडर. कॅरमबोर्डवर बोरिक पावडर शिंपडून खेळण्याची सवय आपल्याला लहानपणापासूनची, त्यामुळे पावडरीने खेळ घसरता होतो, हा समज पक्का बसलेला. गुळगुळीत लाकडावर तो बरोबर आहे. लोकरीच्या कापडावर पडलेली पावडर मात्र ओल धरते आणि तिचा लगदा होऊन लवेत बसतो. ज्या टेबलाच्या एका टोकाला, जेथून सारे खेळाडू 'ब्रेक' करतात, पांढुरके पट्टे दिसतात, त्या टेबलाच्या त्या भागात चेंडू वेगळाच धावतो. यावर उपाय साधा आहे. हात धुऊन कोरडे करावेत, फारच घाम येत असेल तर तीन बोटांचा हातमोजा वापरावा. थ्री-कुशन खेळणाऱ्यांत तो सर्रास वापरला जातो. आपल्याकडे तो घातला तर उगाच मिरवतो आहे असे म्हणतात, हा भाग निराळा.

खडूचेही तेच. क्यूच्या टिपेला लावायच्या खडूत सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे घर्षण वाढविणारे पदार्थ असतात. ते टिपेवर हवेत, कापडावर नकोत. टेबलावर वाकून खडू लावणे आणि कुशनच्या काठावर खडूचे तोंड खाली करून ठेवणे, या दोन सवयी मोडल्या तरी कापडाचे आयुष्य वाढते. चेंडूवर खडूचा कण नेमका आघाताच्या जागी असला, तर दोन चेंडूंची टक्कर स्वच्छ होत नाही, चेंडू क्षणभर उसळतो आणि दिशा चुकतो. यालाच खेळाडू 'किक' म्हणतात. चेंडू आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. वर्दळीच्या जागी त्याहून अधिक वेळा. आजचे चांगले चेंडू फेनॉलिक रेझिनचे असतात. नियमानुसार एका संचातील चेंडूंच्या वजनात तीन ग्रॅमहून अधिक फरक चालत नाही. हरवलेल्या पांढऱ्या चेंडूच्या जागी दुसऱ्या संचातला घालणारे पार्लर या नियमालाच फाटा देत असते.

टेबलाची पातळी हा मार्करच्या हाती असलेला शेवटचा आणि बहुधा विसरलेला भाग. पाणसळ लावून ती तपासावी लागते. पाणसळ नसेल तर लांब बाजूला समांतर, लवेच्या दिशेने, अगदी हळू चेंडू सोडावा आणि थांबताना तो कोणीकडे झुकतो ते पाहावे. लवेच्या उलट दिशेने ही चाचणी घेतली तर दोष लवेचा की पातळीचा, हे कळत नाही. चौकटीचे लाकूड पावसाळ्यात फुगते आणि दिवाळीपर्यंत सुकते, त्यामुळे पातळी वर्षातून किमान दोनदा पाहावी. टेबल बंद ठेवले म्हणजे ते जपले जाते, हाही एक गैरसमज. २०२० च्या टाळेबंदीत क्लब आणि पार्लर महिनोन्‌महिने बंद राहिले आणि त्यातच पावसाळा गेला. बंद खोलीत, न झटकलेल्या लोकरी कापडाला बुरशी आणि कसर दोन्हींचा धोका असतो. वापर नसलेल्या टेबलालाही आठवड्यातून एकदा ब्रश आणि मोकळी हवा हवीच.

क्यू आणि लोकलचा प्रवास

टेबल दुसऱ्याचे, पण क्यू आपला असतो. त्यामुळे त्यावर खर्चही होतो आणि प्रेमही. स्नूकरच्या क्यूची काठी बहुधा अ‍ॅश किंवा मेपल लाकडाची, टिप साडेनऊ ते दहा मिलिमीटरची. थ्री-कुशनचा जड चेंडू ढकलायला टिप अकरा-बारा मिलिमीटरची लागते. लाकूड हवेतील पाण्याप्रमाणे हलते आणि हलले की वाकते. बोरिवली किंवा मुलुंडहून शहराकडे सरावाला जाणारा खेळाडू क्यू घेऊन लोकलच्या गर्दीत शिरतो तेव्हा पेटीला बसणाऱ्या धक्क्यांची त्याला चिंता असते. खरी काळजी असावी ती ओल्या पेटीची. भिजलेली पेटी घरी येताच उघडून, क्यू बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसून, आडवा किंवा उभा पूर्ण सरळ ठेवावा. भिंतीला तिरका टेकविलेला क्यू काही दिवसांत धनुष्य होऊ लागतो. गाडीच्या डिकीत उन्हात विसरलेला क्यूही तसाच. मोठा तुकडा लांब राहणारा तीनचतुर्थांश जोडाचा क्यू अनेकांना हाताला बरा वाटतो, पण गर्दीच्या वेळी प्रवास करणाऱ्याला मधोमध जोड असलेला क्यू सोयीचा.

खेळून झाल्यावर काठीवर घाम, खडू आणि धुळीचा थर बसतो. किंचित ओलसर फडके फिरवून लगेच कोरड्या फडक्याने घासावे, एवढेच. चिकटपणा घालविण्यासाठी वाळूकागद वापरणारे लाकडाबरोबर क्यूची जाडीही घालवितात. वर्षातून एक-दोनदा जवसाच्या तेलाचा अगदी हलका हात दिला, तर लाकडाची छिद्रे भरतात आणि पावसाळ्यात ओल कमी शिरते. तेल जिरू देऊन उरलेले पूर्ण पुसणे आवश्यक. टिप घुमटाकार ठेवावी, कडा पितळी टोपीच्या बाहेर आल्या तर छाटाव्यात. दमट हवेत टिपेचे चामडेही मऊ पडते. त्यामुळे एप्रिलमध्ये उत्तम वाटलेली टिप ऑगस्टमध्ये बोथट का वाटते, याचे कोडे पडू नये.

या साऱ्यात पैशाचा मुद्दा येतोच. चांगले कापड परदेशातून येते. इंग्लंडचे स्ट्रॅचन आणि बेल्जियममधील व्हेर्वियेचे सिमोनिस ही त्यातली परिचित नावे. सिमोनिसची परंपरा तर १६८० पासूनची. कापड महाग, बसविणारा कारागीर महाग आणि तेवढा वेळ टेबल बंद. म्हणून पार्लरचालक फाटेपर्यंत कापड चालवितो, आणि ते लवकर फाटावे याची सोय ब्रश न मारून स्वतःच करतो. ब्रश आणि इस्त्रीसाठी माणसाचे रोजचे तासभर काम लागते. अकाली बदललेल्या कापडापुढे ही मजुरी किरकोळ आहे. पण कापडाचे बिल वर्षांनी येते आणि पगार महिन्याला द्यावा लागतो. फरेरा यांनी १९७८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ गुणांचा ब्रेक रचला, तेव्हा हजाराचा टप्पा ओलांडणारे ते पहिले हौशी खेळाडू ठरले. बिलियर्ड्समध्ये असा ब्रेक शेकडो नाजूक फटक्यांनी बनतो आणि त्यातला प्रत्येक फटका कापड तंतोतंत वागेल या भरवशावर मारलेला असतो.

तासाचे पैसे मोजण्यापूर्वी ग्राहकाला हे सारे दोन मिनिटांत पाहता येते. दिव्याखाली तिरपे पाहिले की पावडरीचे पट्टे आणि कापडाची पोटे दिसतात. तळहात 'डी'कडून काळ्या चेंडूकडे आणि परत फिरविला, की लव आहे की झिजली ते कळते. पॉकेटच्या तोंडाशी, दगडाच्या काठावर कापड विरलेले असेल तर चेंडू आत पडण्याआधी अडखळतो. एक चेंडू बेताने मारून तो कुशनला किती वेळा लागतो ते मोजावे आणि शेजारच्या टेबलावर त्याच ताकदीने मोजावे. दोन्हींत मोठा फरक आढळला, तर कोणते टेबल घ्यायचे हे विचारावे लागत नाही.

कापड बदलायचेच असेल तर ते ऑक्टोबरमध्ये, हवा कोरडी झाल्यावर आणि पातळी तपासून झाल्यावर बदलावे. दमट हवेत ताणलेले कापड पुढे हवा सुकताना ताण बदलते. नवे कापड पहिले काही दिवस अधिक घसरते, कुशनवरून कोनही लांब पडतात. म्हणून स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ते बसवू नये. उतरविलेल्या कापडातून कडेच्या न झिजलेल्या पट्ट्या कापून ठेवाव्यात. इस्त्रीची उष्णता पाहायला आणि क्यू पुसायला त्या वर्षभर पुरतात.